घटक ७ : धर्मसेवकांची आदरार्थी संबोधने – ख्रिस्ती परंपरेतील मतभेदांचा भाषावैज्ञानिक अभ्यास

७.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
• संबोधन आणि निर्देश यांतील फरक सोदाहरण सांगता येईल.
• आदरार्थी उपाधींचे नातेवाचक, विशेषणात्मक आणि पदवाचक असे वर्गीकरण करता येईल.
• धर्मसेवकांच्या उपाधींविषयी ख्रिस्ती परंपरेतील प्रमुख भूमिका व त्यांमागील युक्तिवाद स्पष्ट करता येतील.
• ‘सत्ता’ आणि ‘जवळीक’ या संकल्पनांच्या आधारे संबोधनांची चिकित्सा करता येईल.
• मराठीतील ‘पाद्री’, ‘फादर’, ‘रेव्हरंड’, ‘पाळक’ या शब्दांचे स्वरूप विशद करता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एखाद्याला हाक मारणे ही भाषेतील सर्वांत साधी कृती वाटते. परंतु हाक मारताना आपण समोरच्या व्यक्तीचे आणि स्वतःचेही स्थान ठरवीत असतो. ‘अहो’ आणि ‘अरे’ यांतील अंतर मराठी भाषक मुलाला व्याकरण शिकण्यापूर्वीच कळते.

एक प्रसंग कल्पून पाहा. आपल्या गावातील चर्चच्या प्रमुखांना पत्र लिहावयाचे आहे. पाकिटावर नावाआधी काय लिहावे? चर्च कॅथलिक असेल, तर ‘फादर’ लिहिणे स्वाभाविक ठरेल. प्रोटेस्टंट असेल, तर ‘रेव्हरंड’ किंवा ‘पाळक’ लिहिले जाईल. मात्र काही ख्रिस्ती मंडळ्या अशा आहेत, की तेथे यांपैकी कोणतीही उपाधी वापरली तर मान राखला गेला असे न वाटता धर्मवचनाचा भंग झाला असे वाटेल. तेथे ‘बंधू’ एवढेच पुरे. एकाच धर्मग्रंथावर श्रद्धा असलेल्या लोकांत एका ठिकाणी जे सौजन्य, ते दुसऱ्या ठिकाणी आज्ञाभंग का ठरते? या प्रश्नाचा शोध प्रस्तुत घटकात घ्यावयाचा आहे.

कोणता पंथ बरोबर आणि कोणता चूक, हा निर्णय देणे भाषाविज्ञानाचे काम नाही. परंतु या वादात भाषेविषयीची काही गृहीते दडलेली आहेत आणि ती तपासणे मात्र आपले काम आहे.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ उपाधींचे तीन प्रकार

प्रथम दोन संज्ञा वेगळ्या करू. समोरच्या व्यक्तीला उद्देशून वापरलेला शब्द म्हणजे संबोधन. तिच्याविषयी तिसऱ्याशी बोलताना वापरलेला शब्द म्हणजे निर्देश. ‘न्यायाधीश’ हा शब्द निर्देशासाठी सहज वापरला जातो. पण न्यायालयात उभे राहून कोणी ‘अहो न्यायाधीश’ अशी हाक मारीत नाही. उलट ‘फादर’ हा शब्द दोन्ही कामे करतो.

धर्मसेवकांच्या उपाधींचे अर्थदृष्ट्या तीन प्रकार पडतात.

(अ) नातेवाचक : फादर, ब्रदर, सिस्टर, मदर. येथे कुटुंबातील नात्याचा शब्द धार्मिक संबंधासाठी योजलेला असतो.

(आ) विशेषणात्मक : रेव्हरंड. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘आदर करण्यास योग्य’ असा आहे. संस्कृतातील ‘पूजनीय’, ‘आदरणीय’ यांसारखीच ही रचना होय. या विशेषणाला श्रेणीही लागतात : इंग्लंडच्या चर्चमध्ये डीनसाठी ‘व्हेरी रेव्हरंड’, बिशपसाठी ‘राइट रेव्हरंड’ आणि आर्चबिशपसाठी ‘मोस्ट रेव्हरंड’.

(इ) पदवाचक : बिशप, पास्टर, मिनिस्टर. बिशप या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ देखरेख करणारा, पास्टरचा अर्थ मेंढपाळ, तर मिनिस्टरचा अर्थ सेवक असा आहे.

नातेवाचक उपाधी संबंध सांगते, विशेषणात्मक उपाधी योग्यता सांगते आणि पदवाचक उपाधी काम सांगते. पुढील विवेचनात या वर्गीकरणाचा आपल्याला वारंवार उपयोग होईल.

७.२.२ वादाचा मूळ आधार

या वादाच्या केंद्रस्थानी मत्तयकृत शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायातील काही वचने आहेत. येशू लोकसमुदायाशी व आपल्या शिष्यांशी शास्त्री आणि परूशी यांच्याविषयी बोलत आहे. त्यांना मेजवानीत मानाचे स्थान, सभास्थानात पुढचे आसन आणि बाजारात लोकांकडून नमस्कार आवडतात. ‘रब्बी’ अशी हाक ऐकावयास आवडते. शिष्यांनी मात्र तसे करू नये. या ठिकाणी तीन शब्द निषिद्ध ठरविले आहेत : रब्बी (गुरू), पिता आणि मार्गदर्शक. कारणही दिले आहे : गुरू एकच, पिता एकच, मार्गदर्शक एकच, आणि बाकीचे सर्व एकमेकांचे भाऊ. प्रसंगाचा शेवट असा होतो, की जो मोठा असेल त्याने सेवक व्हावे.

मूळ ग्रीक संहितेतील क्रियापदांचे प्रयोग येथे लक्षणीय आहेत. पहिल्या व तिसऱ्या निषेधात क्रियापद कर्मणी आहे : शिष्य ‘गुरू’ किंवा ‘मार्गदर्शक’ म्हटले जाऊ नयेत. दुसऱ्या निषेधात ते कर्तरी आहे : शिष्यांनी पृथ्वीवर कोणालाही ‘पिता’ म्हणू नये. म्हणजेच दोन निषेध मान घेणाऱ्यासाठी आहेत आणि एक मान देणाऱ्यासाठी आहे. उपाधी हा एकट्याचा व्यवहार नसतो. ती घेणारा असतो, तशी देणाराही असतो, आणि दोघांवरही जबाबदारी येते. मराठीत हा फरक ‘म्हणवून घेणे’ आणि ‘म्हणणे’ या दोन रूपांनी नेमका व्यक्त होतो.

तिसऱ्या निषेधातील ‘मार्गदर्शक’ या अर्थाचा ग्रीक शब्द आजच्या ग्रीक भाषेत ‘प्राध्यापक’ या अर्थाने रूढ आहे. तेव्हा या चर्चेतून प्रस्तुत लेखकासही पूर्णतः अलिप्त राहता येणार नाही.

७.२.३ उपाधी मान्य करणारी परंपरा

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरांत, तसेच अँग्लिकनांच्या एका मोठ्या गटात, धर्मसेवकाला ‘फादर’ या अर्थाचे संबोधन वापरले जाते. त्यांचे युक्तिवाद चार प्रकारचे आहेत.

पहिला युक्तिवाद संहितेच्या अंतर्गत पुराव्याचा आहे. जुन्या करारात अलीशा आपल्या गुरूला, एलीयाला, ‘पिता’ अशी हाक मारतो. नव्या करारात स्तेफन धर्मसभेपुढे उभा राहून उपस्थितांना भाऊ व वडील असे संबोधतो. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो, की तुम्हांला शिक्षक पुष्कळ असले तरी वडील फार नाहीत. शुभवर्तमानाद्वारे मी तुमचा पिता झालो आहे. जर शब्दच निषिद्ध असता, तर प्रेषितांनी तो वापरला नसता, असे हे मत आहे.

दुसरा युक्तिवाद अतिशयोक्तीचा आहे. येशूच्या भाषेत अतिशयोक्तीची उदाहरणे पुष्कळ आहेत. अडखळविणारा डोळा उपटून टाकावा, हे वचन कोणी शब्दशः पाळीत नाही. त्याचप्रमाणे येथेही रोख शब्दावर नसून अहंकारावर आहे. निषेध शब्दशः घ्यावयाचा तर स्वतःच्या वडिलांनाही ‘वडील’ म्हणता येणार नाही. ‘डॉक्टर’ हा शब्दही वर्ज्य ठरेल, कारण त्याचा मूळ अर्थ शिक्षक असाच आहे.

तिसरा युक्तिवाद व्युत्पन्न नात्याचा आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांना ‘अब्बा’ म्हणजे पिता म्हणत. स्त्री तपस्व्यांना ‘अम्मा’ म्हणत. मठाधिपतीसाठी युरोपीय भाषांत रूढ झालेले शब्द याच ‘अब्बा’पासून आले. मत्तयावरील आपल्या भाष्यात संत जेरोमने हा प्रश्न उपस्थित केला, की प्रत्यक्ष निषेध असताना मठांतून ही हाक कशी चालते? स्वभावतः पिता असणे वेगळे आणि त्या पित्याच्या संबंधाने, सौजन्यापोटी तसे म्हटले जाणे वेगळे, असे त्याचे समाधान आहे.

चौथा युक्तिवाद शिस्तीचा आहे. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या मठनियमांत त्रेसष्टाव्या प्रकरणात संबोधनांविषयीही नियम दिलेले दिसतात. कोणीही दुसऱ्याला नुसत्या नावाने हाक मारू नये. ज्येष्ठांनी कनिष्ठांना ‘बंधू’ म्हणावे. कनिष्ठांनी ज्येष्ठांना पितृतुल्य आदराचा ‘नोनुस’ हा शब्द वापरावा. मराठीत इंग्रजीमार्गे आलेला ‘नन’ हा शब्द याच शब्दाच्या स्त्रीलिंगी रूपाचा वंशज आहे. मठाधिपतीला ‘स्वामी व पिता’ म्हणावे. मात्र तो मान त्याच्या व्यक्तिगत मोठेपणाचा नसून ख्रिस्ताच्या आदरापोटी आहे, आणि त्याने त्या मानास पात्र राहावे, असेही हे प्रकरण बजावते.

‘फादर’ हे सर्व कॅथलिक धर्मगुरूंचे संबोधन सर्वत्र पूर्वापार होते, असे मात्र समजू नये. इंग्लंडमध्ये कोणत्याही मठसंघात नसलेल्या कॅथलिक धर्मगुरूला एकोणिसाव्या शतकापर्यंत साधे ‘मिस्टर’ म्हणत. ‘फादर’ ही उपाधी मठवासी साधूंकरिता होती. ती सर्वांना लागू होण्याची प्रथा त्या शतकात रुळली.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(१) ‘रेव्हरंड’ ही उपाधी कोणत्या प्रकारात मोडते?
(२) मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातील कोणता निषेध मान देणाऱ्याला उद्देशून आहे?
(३) जेरोमने केलेला भेद एका वाक्यात सांगा.

७.२.४ उपाधी नाकारणारी परंपरा

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने या प्रश्नाला नवे वळण दिले. १५२० मध्ये मार्टिन लूथरने असे प्रतिपादन केले, की बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक ख्रिस्ती माणूस पौरोहित्याचा अधिकारी आहे. धर्मसेवक केवळ कामाने वेगळा असतो, दर्जाने नव्हे. ही भूमिका स्वीकारल्यावर नातेवाचक उपाधीऐवजी पदवाचक उपाधीला प्राधान्य मिळणे क्रमप्राप्त होते. अनेक प्रोटेस्टंट पंथांनी ‘फादर’ सोडून ‘मिनिस्टर’ वा ‘पास्टर’ हे कामाचे शब्द घेतले.

तरीही ‘रेव्हरंड’ राहिलाच. त्यालाही आक्षेप घेतले गेले. १६११ च्या इंग्रजी बायबलात हा शब्द एकाच ठिकाणी, एकशे अकराव्या स्तोत्रात येतो, आणि तोही देवाच्या नामाचे विशेषण म्हणून. देवाच्या नामाचे विशेषण माणसाने आपल्या नावापुढे लावावे काय, असा हा आक्षेप होता. लंडनमधील प्रसिद्ध बॅप्टिस्ट उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी ‘रेव्हरंड’ सोडून ‘पास्टर’ हा शब्द पसंत केला. भाषिकदृष्ट्या हा आक्षेप फार बळकट नाही, कारण एका भाषांतरात एखादा शब्द किती वेळा आला, यावरून मूळ भाषेतील अर्थाची मर्यादा ठरत नाही. परंतु विशेषणात्मक उपाधी व्यक्तीच्या योग्यतेचा दावा करते, ही त्यामागील जाणीव मात्र अचूक आहे.

सर्वांत मूलगामी भूमिका घेतली ती सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या क्वेकर पंथाने. जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) आणि त्याचे सहकारी धर्मसेवकांच्या उपाधी तर नाकारीतच. शिवाय सरदार, न्यायाधीश यांच्यासमोर टोपी काढण्यासही नकार देत. एकमेकांना ते ‘मित्र’ म्हणत. त्याही पुढे जाऊन त्यांनी सर्वनामांना हात घातला. त्या काळच्या इंग्रजीत कनिष्ठाला वा जवळच्याला एकवचनी ‘दाऊ’ आणि वरिष्ठाला अनेकवचनी ‘यू’ म्हणत; आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखाच हा भेद होता. क्वेकर मंडळी न्यायाधीशालाही ‘दाऊ’ म्हणू लागली. एकाला अनेक म्हणणे हे असत्य आहे आणि एकाला मान देऊन दुसऱ्याला न देणे हा पक्षपात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. यासाठी त्यांनी अपमान, मारहाण आणि तुरुंगवासही सोसला. १६६० मध्ये फॉक्स, जॉन स्टब्ज आणि बेंजामिन फर्ली यांनी अनेक भाषांतील एकवचन-अनेकवचनाची उदाहरणे जमवून या मताच्या समर्थनार्थ एक मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. धर्माच्या प्रेरणेने तौलनिक व्याकरण लिहिले जाण्याचे हे एक विलक्षण उदाहरण होय.

पुढे जे घडले ते भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवावे. इंग्रजीत अखेर समता आली. पण ती सर्वांना ‘दाऊ’ म्हणून आली नाही, तर सर्वांना ‘यू’ म्हणून आली. मान काढून घेण्याऐवजी तो सर्वांना वाटला गेला. क्वेकरांची एकवचनी सर्वनामे त्यांच्या पंथाची ओळख पटविणारी खूण बनून राहिली. समतेसाठी निवडलेला शब्दच ‘आपण आणि इतर’ असा भेद दाखवू लागला.

७.२.५ एका थडग्यावरील शब्द

उपाधीचा प्रश्न केवळ तात्त्विक नसतो, हे पुढील घटनेवरून दिसून येईल. इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात ओस्टन फेरी नावाचे गाव आहे. तेथील वेस्लियन मेथडिस्ट धर्मसेवक हेन्री कीट यांची लहान मुलगी वारली. तिच्या थडग्यावरील दगडावर पित्याचा उल्लेख ‘रेव्हरंड’ असा करावयाचा होता. दफनभूमी इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या अखत्यारीत होती, आणि तेथील धर्मगुरूने परवानगी नाकारली. मेथडिस्ट उपदेशकाला ही उपाधी लावता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. धर्मन्यायालयांत कीट यांना यश आले नाही. अखेर प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि १८७६ मध्ये निर्णय कीट यांच्या बाजूने लागला. ‘रेव्हरंड’ ही कायद्याने कोणा एका वर्गासाठी राखून ठेवलेली पदवी नसून केवळ गौरवपर विशेषण आहे, असा निर्णयाचा आशय होता.

येथे एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. उपाधी लावणे हा जसा अहंकाराचा भाग असू शकतो, तसाच उपाधी नाकारणे हाही वर्चस्वाचा भाग असू शकतो. कीट यांना ‘रेव्हरंड’ म्हणवून घेण्याचा सोस होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपले सेवाकार्य दुसऱ्या पंथाच्या सेवाकार्याइतकेच खरे आहे, एवढेच त्या दगडावरून सिद्ध व्हावयाचे होते. म्हणून कोणी कोणाला उपाधी नाकारली, हे पाहिल्याशिवाय नकाराला समतेचे नाव देता येत नाही.

७.२.६ त्याग आणि पुनरागमन

उपाधींना विरोध केवळ प्रोटेस्टंट पंथांतून झाला, असाही समज बरोबर नाही. कॅथलिक परंपरेच्या आतूनही तो वेळोवेळी झाला आहे. कॉन्स्टँटिनोपलच्या धर्माध्यक्षाने ‘सर्वजागतिक’ या अर्थाची उपाधी लावली, तेव्हा पोप पहिले ग्रेगरी (कार्यकाल ५९०–६०४) यांनी तिला तीव्र आक्षेप घेतला. आणि ५९८ मध्ये अलेक्झांड्रियाच्या धर्माध्यक्षांनी तशीच उपाधी स्वतः ग्रेगरींना लावली, तेव्हा त्यांनी तीही नाकारली. स्वतःसाठी ते ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ असे शब्द वापरीत. तेराव्या शतकात असीसीच्या संत फ्रान्सिसने १२२१ च्या आपल्या नियमांत असे घातले, की संघात कोणालाही ‘श्रेष्ठ’ या अर्थाची उपाधी नसावी. सर्वांनी ‘लहान बंधू’ म्हणवून घ्यावे.

या शब्दांचे पुढे काय झाले? ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ ही पोपच्या अधिकृत उपाधींपैकी एक झाली. फ्रान्सिसने संघाच्या प्रमुखासाठी ‘सेवक’ या अर्थाचा ‘मिनिस्टर’ हा शब्द योजला. आज तोच शब्द राजकारणात ‘मंत्री’ या अर्थाने सत्तेचा वाचक आहे.

या संदर्भात १९६५ मधील एक घटना अतिशय बोलकी आहे. दुसरी व्हॅटिकन परिषद समाप्तीस आली असता, १६ नोव्हेंबर रोजी सुमारे ४० बिशप रोममधील डोमितिलाच्या भुयारी दफनभूमीत एकत्र आले. साधेपणाने राहण्याचा संकल्प त्यांनी केला. ‘एमिनन्स’, ‘एक्सलन्सी’ यांसारख्या मोठेपणाच्या व सत्तेच्या उपाधी आम्ही नाकारतो, आम्हांला ‘फादर’ म्हणावे, असे त्यांनी त्यात नमूद केले. एका परंपरेला जो शब्द साक्षात आज्ञाभंग वाटतो, तोच शब्द या बिशपांना शुभवर्तमानातील साधेपणाचा वाटला. दोन्ही पक्षांना एकाच ग्रंथाशी प्रामाणिक राहावयाचे होते. फरक एवढाच, की एका पक्षाने शब्दाचे वाच्यार्थाने मोजमाप केले आणि दुसऱ्याने त्या शब्दाच्या आजूबाजूच्या शब्दांशी तुलना केली. ‘एक्सलन्सी’च्या शेजारी ‘फादर’ जवळचा वाटतो. ‘बंधू’च्या शेजारी तोच शब्द उंचावर बसलेला दिसतो. शब्दाचे मूल्य व्यवस्थेतील त्याच्या स्थानावरून ठरते, या तत्त्वाचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

७.२.७ मराठीतील स्थिती

मराठीत या उपाधी कशा आल्या, हे आता पाहू. ‘पाद्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘पाद्रे’वरून आला. ‘पाद्रे’चे मूळ लॅटिन ‘पातेर’, आणि ते संस्कृत ‘पितृ’चे सगोत्र आहे. म्हणजे ‘पाद्री’चा मूळ अर्थ पिताच. मराठीत मात्र तो अर्थ पूर्णतः पुसला गेला आणि शब्द व्यवसायवाचक सामान्यनाम झाला. ‘अहो पाद्री’ असे कोणी म्हणत नाही. हाक मारावयाची तर ‘पाद्रीसाहेब’ असा जोड द्यावा लागतो. पुढे इंग्रजीतून ‘फादर’ आला. मराठीने एकच ‘पिता’ दोन भाषांतून दोनदा उसना घेतला : एक निर्देशासाठी, दुसरा संबोधनासाठी. ‘बाबा’ किंवा ‘वडील’ हा स्वतःचा शब्द मात्र या कामी रूढ झाला नाही. १६१६ मध्ये प्रथम छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते आज आपल्याला ‘फादर स्टीफन्स’ म्हणून परिचित आहेत. उस्मानाबाद येथे २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नावाआधीही ‘फादर’ सहज लागत असे. येथे परका शब्द उपयोगी पडतो, कारण त्यामुळे नात्याचा दावा सौम्य होतो आणि शब्द नावाचाच भाग बनतो.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘पाळक’ हा अस्सल मराठी शब्द आहे. पण बोलताना त्यालाही ‘साहेब’ जोडून ‘पाळकसाहेब’ केले जाते. मेंढपाळाची नम्र प्रतिमा आणि ‘साहेब’ हा सत्तावाचक शब्द एकाच समासात नांदतात! ‘रेव्हरंड’चे संक्षिप्त रूप तर ‘रे.’ असे छापले जाते. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा ‘रे. टिळक’ असा उल्लेख आपण वाचतो, तेव्हा आदराची उपाधी आणि मराठीतील सलगीचा ‘रे’ यांचे रूप योगायोगाने एकच होते.

लक्ष्मीबाई टिळक ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपल्या पतीचा उल्लेख केवळ ‘टिळक’ असा करतात. उपाधी नाही, परंतु क्रियापद आदरार्थी अनेकवचनात असते, आणि म्हणून आदरात कोठेही उणेपणा येत नाही. मराठीचे हे वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. इंग्रजी भाषक उपाधी गाळून आदराचे भाषिक चिन्ह बरेचसे काढून टाकू शकतो. मराठी भाषकाला ते शक्य नाही. ‘बंधू आला’ म्हणावे की ‘बंधू आले’, हा निर्णय प्रत्येक वाक्यात घ्यावाच लागतो.

दुसरे वैशिष्ट्य याहून मार्मिक आहे. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत देवाला ‘तू’ म्हणतात. त्याच चर्चमध्ये धर्मसेवकाला ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ म्हणतात. देव धर्मसेवकाहून कमी मानाचा आहे, असा याचा अर्थ अर्थातच होत नाही. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मधील आपल्या प्रसिद्ध लेखात सर्वनामांच्या निवडीमागे सत्ता आणि जवळीक ही दोन तत्त्वे असल्याचे दाखविले. देवाला ‘तू’ म्हणताना जवळीक सत्तेवर मात करते. वारकऱ्याचा विठ्ठलाशी असलेला एकेरी संवाद आपल्या परिचयाचा आहेच.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ‘पंडिता’ ही त्यांची उपाधी कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये दिलेली. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही ती कायम राहिली. इंग्लंडमधील वाँटेज येथील सिस्टर जेराल्डाइन यांना लिहिलेल्या पत्रांत त्या ‘आजीबाई’ असे मराठी संबोधन योजतात. त्याच पत्रव्यवहारात धर्ममते आणि चर्चचा अधिकार यांवर त्या निर्भीडपणे वादही घालतात. संबोधनात जिव्हाळा आणि मजकुरात मतभेद! नात्याचा शब्द आज्ञाधारकपणाचे वचन ठरत नाही, हे या पत्रांनी दाखवून दिले.

७.२.८ मूल्यमापन

वरील विवेचनावरून एक गोष्ट ध्यानात येते. शब्द बदलून सत्ता नाहीशी होत नाही. ती नव्या शब्दात येऊन बसते. म्हणून उपाधी नाकारणाऱ्यांचा ‘शब्द सोडा म्हणजे समता येईल’ हा विश्वास अपुरा ठरतो. परंतु उपाधी मान्य करणाऱ्यांचे ‘शब्दात काय आहे, भाव शुद्ध हवा’ हे उत्तरही तितकेच अपुरे आहे. कारण रोज उच्चारलेला शब्द भाव घडवीत असतो. ज्याला लहानपणापासून ‘पिता’ म्हटले, त्याच्याविरुद्ध तक्रार करणे कठीण जाते. चर्चमधील बाललैंगिक अत्याचारांची प्रकरणे उघडकीस आल्यानंतर पोप फ्रान्सिस यांनी २० ऑगस्ट २०१८ रोजी सर्व श्रद्धावंतांना लिहिलेल्या पत्रात अत्याचार आणि पुरोहितशाही यांचा संबंध स्पष्टपणे जोडला. अत्याचाराचे कारण संबोधन आहे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु प्रश्न विचारण्याचे धैर्य खचविणाऱ्या आदराच्या वातावरणात संबोधनाचाही वाटा असतो.

दुसरीकडे, इंग्लंडच्या चर्चमध्ये १९९४ पासून स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळू लागली, तेव्हा ‘फादर’ची मर्यादा आणखी एका बाजूने उघड झाली. ‘रेव्हरंड’ हे विशेषण स्त्री-पुरुष दोघांनाही लागते. नातेवाचक शब्द मात्र लिंगभेद सोबत घेऊन येतो.

तेव्हा कोणत्याही उपाधीविषयी तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरेल. ती कोणी निवडली : देणाऱ्याने की घेणाऱ्याने? ती काय सांगते : नाते, योग्यता की काम? आणि ती उच्चारल्यानंतर बोलणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येते का? रमाबाईंच्या ‘आजीबाई’ या शब्दाला तिसऱ्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर मिळते. ते ज्या संबोधनाला मिळत नाही, ते कितीही नम्र दिसले, तरी त्याचा पुनर्विचार आवश्यक आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(१) चूक की बरोबर ते सांगा : क्वेकरांच्या प्रयत्नाने इंग्रजीत सर्वांसाठी ‘दाऊ’ हे सर्वनाम रूढ झाले.
(२) १८७६ च्या निर्णयानुसार ‘रेव्हरंड’ हा शब्द काय आहे?
(३) ‘पाद्री’ हा शब्द कोणत्या भाषेतून मराठीत आला?

७.३ सारांश

धर्मसेवकांच्या उपाधी नातेवाचक, विशेषणात्मक आणि पदवाचक अशा तीन प्रकारच्या असतात. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातील निषेधाचा काही परंपरांनी शब्दशः, तर काहींनी अहंकाराविरुद्धचा इशारा म्हणून अर्थ लावला. क्वेकरांनी उपाधींबरोबर आदरार्थी सर्वनामही नाकारले. ओस्टन फेरीच्या प्रकरणात उपाधी नाकारणे हेच वर्चस्वाचे साधन झाले होते. १९६५ मध्ये काही बिशपांनी साधेपणासाठी ‘फादर’ हाच शब्द निवडला. मराठीत आदर क्रियापदातही व्यक्त होत असल्याने उपाधी गाळून तो संपत नाही. शब्दाइतकेच महत्त्व त्या शब्दाने बोलणाऱ्याला किती मोकळीक ठेवली, याला आहे.

७.४ पारिभाषिक शब्द

संबोधन : समोरच्या व्यक्तीला उद्देशून वापरलेले नाम, सर्वनाम वा उपाधी.
निर्देश : एखाद्या व्यक्तीविषयी इतरांशी बोलताना केलेला उल्लेख.
आदरार्थी अनेकवचन : एका व्यक्तीसाठी आदराने वापरलेले अनेकवचनी रूप.
सगोत्र शब्द : एकाच मूळ भाषेतून वेगवेगळ्या भाषांत उतरलेले शब्द.
पुरोहितशाही : धर्मसेवकांचे समाजावरील अवाजवी वर्चस्व.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) विशेषणात्मक. (२) पृथ्वीवर कोणालाही ‘पिता’ म्हणू नये, हा. (३) स्वभावतः पिता असणे वेगळे आणि सौजन्याने पिता म्हटले जाणे वेगळे.
प्रश्न – २ : (१) चूक, ‘यू’ रूढ झाले. (२) कोणा एका वर्गासाठी राखून न ठेवलेले गौरवपर विशेषण. (३) पोर्तुगीज.

७.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) उपाधी मान्य करणाऱ्या परंपरेचे चार युक्तिवाद सांगून त्यांपैकी कोणत्याही एकाची चिकित्सा करा.
(२) ‘शब्द बदलून सत्ता नाहीशी होत नाही’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
(३) ‘पाद्री’, ‘फादर’ आणि ‘पाळक’ या शब्दांची व्युत्पत्ती, अर्थ आणि उपयोग या दृष्टींनी तुलना करा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील कोणत्याही एका धर्माच्या प्रार्थनास्थळी धर्मसेवकाला वापरली जाणारी संबोधने आठवडाभर ऐका आणि नोंदवा. ज्येष्ठ, तरुण, स्त्रिया व मुले यांच्या बोलण्यातील फरक टिपा. ७.२.८ मधील तीन प्रश्न त्या संबोधनांना लावून पाहा आणि आपले निष्कर्ष दोन पृष्ठांत लिहा.